अण्णांची साक्ष

"पाठीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मनाचं दुखणं असेल, तर ते विम्यात बसत नाही." विमा अधिकाऱ्याने फाइल मिटली.

कौमुदीने खुर्चीचा हात घट्ट धरला. चार वर्षं पाठ जळत होती आणि चार वर्षं ती हेच ऐकत होती, घरीसुद्धा. आता उपचार थांबले तर काय होईल, हे तिला ठाऊक होतं.

शेजारी बसलेले तिचे सासरे उठले. "मीही हिला नाटकी म्हणायचो, साहेब. जूनमध्ये दुखणं असह्य होऊन हिने आतून कडी लावली, तेव्हा खोलीचं दार मीच तोडलं. मिनिटभर उशीर झाला असता, तर..." अण्णांनी मिटलेली फाइल पुन्हा अधिकाऱ्यापुढे सरकवली.

अधिकाऱ्याने फाइल उघडली. दुखणं नसांचं आहे, ते रिपोर्टमध्ये दिसत नाही, असं सांगणारं डॉक्टरांचं पत्र या वेळी शेवटपर्यंत वाचलं आणि मंजुरीची सही केली.

जिन्यापाशी अण्णा थांबले. "सावकाश उतर," ते म्हणाले. "पाठ दुखत असेल."