परतीची बातमी

मुलांनो, भर पावसाळ्यातलं वाढवण गाव मनात आणा. साऱ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या. वैशाखातल्या वादळात सापडलेला हंसाचा बाप मात्र अजून घरी आला नव्हता. त्याचं जाळं सांधत बसलेल्या देवकीआजीला हंसा पेपर वाचून दाखवत होती.

“आजी, माणसं चंद्रावर जाऊन आली!”

“गेली असतील गो. यंत्रं असतात त्यांच्याकडे.”

“येताना भर समुद्रात पडली. मग बोटवाल्यांनी शोधून काढलं. तिघंही जिवंत!”

आजीचा हात थांबला. “समुद्रात पडलेली माणसं जिवंत सापडली? थापा मारतात मेले पेपरवाले! ठेव तो बाजूला.”

हंसा आजीला आणखी चिकटून बसली आणि तिने तीच ओळ पुन्हा वाचली, सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून.