लंडनची कणगी

"पैसे नको म्हणून सांग त्याला," बाईजा म्हणाली आणि तिनं बांबूची पुढची कामटी दातात धरली.

काजलनं कपाळावर हात मारून घेतला. मोबाईलवर लंडनचा मिस्टर डेव्हिड अगदी काकुळतीला आला होता. भात साठवायच्या पन्नास कणग्या पायजेत. पैसे आधीच घ्या, सगळे घ्या, वर जास्तीचे घ्या. जास्तीचे तेवढे माझ्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या. गिऱ्हाईक पैसे घ्या म्हणून पाया पडतंय आणि सासू नको नको म्हणतेय, असा धंदा धसईच्या बाजारात आजवर कोणी बघितला नव्हता.

"आये, ॲडव्हान्स हाय तो. लोक मागून घेतात."

"सुपाचा घे, टोपलीचा घे. कणगीचा नाय. आत भात पडायच्या आधी पैसा घेतला का पयला उंदीर शिरतो. माझ्या सासूनं कधी घेतला नाय."

"लंडनला कसले उंदीर?"

"भात असंल तिथं उंदीर असणार. जा, लिव."

काजलनं लिहिलं. काय करणार? शहापूरच्या प्रदर्शनात तिनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं 'बाईजा बांबू आर्ट' लिहून खाली इमेल टाकला होता. दिवसभरात एकच सूप हाललं, तेही शेजारच्या स्टॉलवालीनं शेंगदाणे पाखडायला उसनं नेलेलं. पुठ्ठ्यापलीकडं तो इमेल अजून कुठं गेलाही नव्हता. आणि आता थेट लंडन! ही ऑर्डर हुकली तर बांबू आर्ट बंद आणि आपण कंपनीत पॅकिंगला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सासरा गोमा तेवढा एकच प्रश्न धरून बसला होता. "पुठ्ठा लंडनवरून दिसला कसा गो?"

"बाबा, इंटरनेट!"

"हां," गोमा म्हणायचा आणि गावभर सांगायला निघायचा.

डेव्हिडचं उत्तर आलं. ठीक आहे, माझे पैसे राहू द्या. पण ट्रान्सपोर्टवाल्याचे तेवढे तुम्ही आधी भरा. मी मागाहून सगळं देतो.

एवढे पैसे घरात फक्त एका ठिकाणी होते, आणि ते ठिकाण अंगणात बोरीचा पाला खात होतं. तांबी. बाईजानं पिल्लापासून वाढवलेली, आता गाभण.

"एकदाच, आये," काजल म्हणाली. "लंडनचे पैसे आले का दोन शेळ्या घेऊ."

"दोन आणशील गो. तांबी कुठनं आणशील?" बाईजानं हातातली कामटी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "उद्या बाजारात नेऊ. बारकू शेळ्या पाळतो, त्याला देऊ, तो कापायला नाय देणार. पण मला माप पायजे. विचार त्याला, दार केवढं? खाणारी तोंडं किती? भात का नागली?"

"कशाला? पन्नास पायजेत त्याला!"

"तोंडं मोजल्याबिगर कणगी व्हते का? आणि हे पण लिव, शेळी इकून पैसे भरतो म्हणावं. गाभण हाय, उद्यापतूर थांब म्हणावं."

उत्तर आलं. दार बारा फूट. तोंडं दोन. आम्ही पाव खातो, कणग्या शोभेला हव्यात.

"शोभेला?" बाईजा उठून उभीच राहिली. "रिकामी कणगी घरात? अवदसा येईल त्याच्या घरात! नाय देणार."

काजलनं हा निरोप इंग्रजीत कसा बसवला ते तिचं तिलाच माहीत. डेव्हिडनं तासाभरात कबूल केलं, की तो अधूनमधून भातही खातो. बाईजानं विचारलं, कुठला? जाडा का बारीक? त्यानं कळवलं, जाडा. बाईजानं विचारलं, मग आत्ता ठेवतोस कशात? घरात आई हाय का? तिलाच विचार ना, तुला काय कळतंय?

त्यावर लंडन एकदम गप्प झालं.

सकाळी तिघं तांबीला घेऊन धसईच्या बाजारात उभी राहिली. बारकूनं तांबीचे दात बघितले, पोट चाचपलं. "चांगली हाय. पण बाईजा, तू रडतेस कशाला?"

"रडतंय कोण? मिरच्यांचा बाजार हाय हा."

बारकूनं नोटा काढल्या. बाईजानं दोर पुढं केला, पण हाताला दिलेला वेढा काही तिला सुटेना. तेवढ्यात काजलचा मोबाईल वाजला.

"लंडन!" गोमा ओरडला. आजूबाजूचे भाजीवालेही सरकून जवळ आले.

काजलनं मेल उघडला. अक्षरं इंग्रजी होती. पण वाचताना ती अडखळली, कारण आतली बोली थेट त्यांच्याच चुलीजवळची होती. तिनं मोठ्यानं वाचलं.

"मावशे, आयला इचारला. तोंडा सात. भात जाडा. जुनी कणगी खालून उंदरांनी खाल्लीय, म्हणून भात गोणीत हाय. पन्नास नको, एकच पायजे. दार बारकं हाय, घरी येऊनच इणायला लागंल. लंडनला नाय, आटगाव टेशनाच्या भाईर मी उभा ऱ्हातो, नाव डेव्हिड नाय, हितेश. पैसा भात भरल्यावरच देऊ, आय पण त्याच म्हणते. ट्रान्सपोर्टवाला कोणी नाय. शेळी इकू नका."