राद्कोचा शब्द

गाब्रोवो गावाच्या छोट्या वर्तमानपत्रात राद्को आयुष्यभर बातम्या लिहीत आला. धरण असो, फुटबॉलचं मैदान असो की महापौरांचं भाषण, त्याच्या बातमीत ते ‘रिकामं’च असायचं. बायको सेव्दा वाचून हसायची, “तुझ्या पोटाखेरीज या गावात काही भरलेलं आहे का रे?”

सेव्दा वारली. तिथल्या रीतीप्रमाणे तिच्या फोटोसह दुखवट्याचे कागद छापून गावभर लावायचे होते. राद्कोने त्यावर एकच ओळ लिहिली, ‘सेव्दा गेली आणि आमचं घर रिकामं झालं.’ बसथांब्यावर, चर्चजवळच्या झाडावर, बेकरीच्या भिंतीवर त्याने ते स्वतःच्या हाताने चिकटवले.

परतताना शेजारच्या त्सोनाकाकूंनी त्याला फाटकाशीच अडवलं. “अरे, गावभर लावलेस आणि स्वतःच्या दारावर नाही? पहिला कागद तर घराच्याच दारावर लावतात. लोक काय म्हणतील?”

राद्कोने बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.



“हळू बोला, काकू. ती अजून आतच आहे. घर रिकामं झालं असं तिने वाचलं, तर खरंच निघून जाईल.”