युस्टेसने भरलेली कॅसेट

माझा दोस्त युस्टेस भरायचा तशी कॅसेट अख्ख्या अंधेरीत कोणी भरत नसे. टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून, गाण्याचा पहिला सूर लागताच तो बटण दाबायचा. मी आणि माझी बहीण विमला शेजारी श्वास रोखून बसायचो, कारण कोणी नुसतं खोकलं तरी गाण्याची वाट लागायची. वरून विमान येणार असेल, तर ते आमच्या कानांआधी त्याच्या बोटाला कळायचं.

गाणं संपलं की त्याने बटण बंद करायच्या आत आम्ही तिघंही फुस्सकन श्वास सोडायचो. तो श्वाससुद्धा टेपवर यायचा. मला तो गाण्याइतकाच आवडायचा.

दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी युस्टेसने माझ्या हातात एक नवी कॅसेट ठेवली.

“एकट्याने भरलीय रे. घरात कुत्रंसुद्धा नव्हतं. ऐक, झकास झालीय.”

दुपारी विमला आणि आई मावशीकडे गेल्या. मी दाराला कडी घातली, टेप लावला आणि सवयीने श्वास रोखून बसलो. काय भरली होती! कुठे खरखर नाही, निवेदकाचं अर्धं अक्षर नाही.

गाणं संपलं. युस्टेसने श्वास सोडला. मागोमाग आणखी दोघांनी सोडला.

“लबाड साला,” मला हसू आलं. “एकटा म्हणे!”

पुढच्या गाण्याला मी त्याच्यासारखंच बटणावर बोट ठेवलं. शेवटचा सूर विरला आणि त्याचा श्वास यायच्या आतच मी टेप बंद केला.

खोली शांत झाली. मी अजून श्वास सोडला नव्हता.

माझ्या खुर्चीमागे दोघांनी सोडला.