बारावी पेटी

डेल्फियाने साद घालायच्या लाकडी पेटीचं झाकण कडेवर एकदाच, हलकेच घासलं. देवदाराच्या लाकडातून टर्की पक्ष्याच्या मादीची साद निघाली. थोडी खरखरीत, थोडी हट्टी. समोरच्या कड्यावरून नर लगेच आरवला.

"आता ठेव खाली," शेजारी बसलेला तिचा बाप, आर्लिस, पुटपुटला.

"एवढ्यात?"

"बोललीस ना एकदा? आता ताठ्यात बस. त्यालाच चालत येऊ दे."

दोघं एका जुन्या ओकला पाठ टेकून बसली होती. खोड खांद्यांहून रुंद, म्हणजे मागून कुणी छर्रे झाडलेच तर झाड झेलेल. अंगावर पानांच्या रंगाचे कपडे. तांबडं, पांढरं, निळं काहीही नाही, पायमोजासुद्धा नाही. नराच्या डोक्यावर हेच तीन रंग असतात, आणि दुरून माणूस फसतो. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली होती. ओझार्कच्या डोंगरात वसंत एवढा आला की नरांना दुसरं काही सुचत नाही.

आर्लिसला चाळीस पावलांपलीकडचं आता दिसत नव्हतं. कान मात्र शाबूत होते, आणि या डोंगरातल्या पेट्यांचा निवाडा तेच कान करत. लेकीने कोरलेल्या अकरा पेट्या त्याने एकेकदा ऐकल्या आणि दुकानातल्या शेगडीत घातल्या होत्या. "लाकूड वाजतंय," एवढंच म्हणून. आज बारावी. नर तीस पावलांत आला तर ती दुकानाच्या फळीवर बापाच्या पेट्यांशेजारी बसणार. नाही आला तर शेगडी होतीच.

अर्ध्या तासाने नर उतारावर दिसला. पिसारा उघडून, पंख जमिनीवर घासत आला आणि साठ पावलांवर थबकला.

"थांबला," डेल्फिया ओठ न हलवता म्हणाली.

"थांबणारच. त्यांच्यात मादीने जायची रीत. आपण त्याला उलटं करायला सांगतोय."

तिचा हात पेटीकडे गेला.

"नको. पानं चिवड. चरणारी मादी कुणासाठी खोळंबत नाही."

तिने वाळक्या पाल्यात बोटं फिरवली. दोनदा आखूड, एकदा लांब. मान उंचावून नराने ऐकलं. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. पन्नास. पंचेचाळीस. चाळीस.

तेवढ्यात डावीकडे पाला वाजला. आर्लिसने कान टवकारले. "दुसरा आला बघ. ऐक कसा चालतोय."

वाळक्या पानांवर टर्की माणसासारखी चालते, आणि माणूस टर्कीसारखा. डेल्फियाने फक्त डोळे फिरवले. डॉगवुडच्या पांढऱ्या फुलांआड बुटाचं टोक होतं. त्याच्या वर बंदुकीची नळी.

हात हलवावा, तर हललेला हात म्हणजे पक्षीच वाटणार. गप्प राहावं, तर तो माणूस आणखी जवळ येणार. आणि नराला आता दहाच पावलं उरली होती.

"माणसं आहेत इथे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "ओकपाशी. दोघं."

पिसारा मिटला. नर पळाला, उडाला, दरीपलीकडे गेला.

डॉगवुड हललं आणि नळी आभाळाकडे धरून ऑर्वल टॅकेट बाहेर आला. जिल्ह्यातल्या साद घालण्याच्या स्पर्धेत पडद्याआड बसून गुण देणारा तो हाच. चेहरा पार उतरला होता.

"डेल्फी, शपथ सांगतो, बोट चापावर नव्हतं."

"नव्हतं ते बरं झालं, काका. सादेच्या मागे चालत जायचं नाही, हे शिकारीच्या वर्गात आम्हाला तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं." त्याने टोपी काढली. "पण पेटी असती तर मी हललो असतो का? एकदाच बोलली, आणि पाऊण तास मी तिच्या मागावर आहे. घसा बसलेली म्हातारी मादी. म्हटलं, नर हिच्यापाशीच येणार. कुठं गेली ती?"

पेटी शेवाळावर पडली होती.

"पेटीच असेल एखादी," आर्लिस सावकाश म्हणाला.

"वा रे वा. तीस वर्षं गुण देतोय मी. लाकूड असतं तर कुठल्या झाडाचं तेही सांगितलं असतं."

डेल्फियाने पेटी उचलली आणि झाकण एकदा घासलं.

ऑर्वलची नजर आधी झुडपाकडे गेली. मग तिच्या हातांकडे आली. मग त्याचे कान लाल झाले.

"आर्लिस," तो म्हणाला, "हे दुकानात बोलू नकोस हं."

"पोरी, दे ती इकडे." आर्लिसने दोन्ही हातांनी पेटी घेतली आणि ओकचा आधार घेत उठला. "ऑर्वल, पोटात ठेवायच्या गोष्टी मी पुष्कळ ठेवल्यात. आता जागा नाही."

आणि तो निघालाच. उताराने, थेट दुकानाकडे, जिथे या वेळेला सगळे शिकारी कॉफी पीत बसलेले असतात. पेटी त्याने छातीशी धरली होती. झाकण गप्प राहावं म्हणून त्यावर रबर चढवायचं असतं, ते राहून गेलं. पावलागणिक झाकण कडेवर घासत होतं आणि मादी बोलत होती.

"बाबा, रबर," डेल्फियाने हाक मारली.

दरीपलीकडून नर आरवला. पुन्हा आरवला, या वेळी जवळून. आर्लिसने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.