मांडीवरचे पाय

धाप लागलेल्या सुनेला तातडीच्या विभागात आणलं, तेव्हा डॉक्टरीणबाई ड्युटी संपायची वाट बघत होत्या. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले.

"एवढ्यात लांबचा प्रवास?"

"कसला प्रवास! दारापर्यंत जायला फुरसत नाही."

"ऑपरेशन? अंथरुणाला खिळून होतात?"

"ते सासूबाईंचं. मी धडधाकट आहे."

डॉक्टरीणबाईंनी पांघरूण सारलं. एकच पोटरी टम्म सुजली होती.

"बसून असता का फार?"

"माझ्या मांडीवर पाय ठेवल्याशिवाय सासूबाईंना झोप लागत नाही, असं घरात सगळेच म्हणतात. मी हलले की त्या जाग्या होतात."

"पायातली गुठळी फुफ्फुसात गेलेली दिसते. आता उठायचं नाही."

सिस्टरने तिचा सुजलेला पाय अलगद उचलून उशीवर ठेवला.

सून त्या उशीकडे बघत राहिली.

"पाय ठेवायला एवढ्यावर भागतं?"