पिंपातलं वाढतं पाणी

पागोळ्यांचं पाणी साठवलेल्या पिंपात रोहिणीताईंनी वाकून पाहिलं. महिनाभर पावसाचा टिपूस नाही आणि पाणी कालच्यापेक्षा वर आलेलं. कमी झालं असतं तर चोर तरी शोधता आला असता.

कुंपणाच्या भांडणापासून शेजारच्या टिपणिसांशी बोलणं बंद होतं. याच पिंपाच्या पाण्यावर जगणारा इकडचा जाईचा वेल त्यांच्या खिडकीवर झुकलेला. म्हाताऱ्याला खुपणारच. वेल जाळायला पाण्यात काहीतरी कालवतोय, दुसरं काय? ताईंनी पाणी गटारात ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा गटार. वेल सुकू लागला, तसा संशय पक्का झाला.

आज पहाटे त्यांनी म्हाताऱ्याला बादलीसकट पकडलं. "काय कालवताय?"

टिपणिसांनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. "विहिरीचं आहे. आमच्या हिची दृष्टी गेलीय. तुमच्या जाईचा वास आला की संध्याकाळ झाली, एवढंच कळतं. हल्ली रोज विचारते, अजून दिवस मावळला नाही का?"